‘कालचे डॉक्टर कुठं गेले?’

सिव्हिलमध्ये पेशंट ॲडमिट असला की वस्तीतली माणसं हमखास विचारतात, ‘कालचे डॉक्टर कुठं गेले?’ कुठं जातील? त्यांची पोस्टिंग संपली.

सोलापूरचं सिव्हिल डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं आहे. एमबीबीएसची साडेचार वर्षं झाली की वर्षभर इंटर्नशिप. मेडिसिन 6 आठवडे, सर्जरी 6, सामुदायिक आरोग्य 12. यादी कॉलेज लावतं. दिवस भरले की वॉर्ड बदलतो.

आम्ही नर्स असताना एका वॉर्डात एका आजींना इंजेक्शनची रिॲक्शन आली होती. जुन्या इंटर्नला ते माहीत होतं, पण कागदावर नोंदच नव्हती. नव्या पोराने तेच इंजेक्शन लिहिलं. आजींनीच हात मागे घेतला, म्हणून वाचल्या.

इंटर्न बदलतात, युनिट सहसा बदलत नाही. केसपेपरवर युनिट लिहिलेलं असतं, त्याच्या ओपीडीचा वार सिस्टरला विचारून घ्या आणि त्याच वारी या. डिस्चार्ज कार्ड, गोळ्यांची पाकिटं पिशवीत ठेवा. कोणतं औषध सोसत नाही ते प्रत्येक नव्या डॉक्टरला सांगा आणि केसपेपरवर लिहून घ्या. ‘कालच सांगितलं’ म्हणून गप्प बसू नका.