मोटरगाडीचें बळ अकस्मात् कां खुंटतें ?

जव्हार व मोखाडा या तालुक्यांतील शेतमाल पूर्वी बैलगाडीनें अथवा डोक्यावरून खालीं उतरत असे. आज तो बहुतेक पिक-अप गाडीनें उतरतो. मोगऱ्याची कळी खुडल्यावर ती उमलण्याच्या आंत दादरच्या फूलबाजारांत पोंचली तरच तिला भाव येतो. भात, नागली, वरई यांना घाई नसते. परंतु बाळंतिणीला किंवा सर्पदंश झालेल्या माणसाला जव्हारच्या पतंगशहा कुटीर रुग्णालयांत न्यावयाचें झालें तर पाड्यावरील हीच गाडी उपयोगीं पडते. म्हणून गाडीचा स्वभाव जाणणें हें आतां शेतकऱ्याच्या ज्ञानाचेंच एक अंग मानलें पाहिजे.

अलीकडे एक तक्रार वारंवार ऐकूं येते ती अशी : गाडी चांगली चालत असतां घाटाच्या चढावर एकाएकीं तिचें बळ जातें. अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबला तरी इंजिनाचे फेरे वाढत नाहींत, समोरच्या फलकावर इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा लागतो आणि गाडी बैलगाडीच्या चालीनें रखडूं लागते. गाडी बंद पडत नाहीं, पण चालतहि नाहीं. अशा वेळीं पुष्कळ मालक घाबरून जातात व कोणी सांगेल तो महागडा भाग बदलून मोकळे होतात. हा खर्च बहुधा टाळतां येण्यासारखा असतो, हें दाखविण्याचा या लेखाचा उद्देश आहे.

ही अवस्था म्हणजे काय ?

हिला इंग्रजींत ‘लिंप मोड’ म्हणतात. आपण ‘लंगडी चाल’ म्हणूं. जुन्या डिझेल जीपगाडींत इंधन सोडण्याचें काम यांत्रिक पंप करीत असे. कांहीं बिघडलें तरी ती काळा धूर ओकीत घाट चढे, आणि पुढें एके दिवशीं इंजिनच बसे. आजच्या गाडींत हें काम एक लहानसा संगणक करतो. हवा किती आली, तिचा दाब किती, पाणी किती तापलें, पाय किती दाबला, हें सर्व त्याला सेन्सर नांवाचीं लहान यंत्रें क्षणोक्षणीं कळवीत असतात. भारतांत १ एप्रिल २०१७ पासून सर्वत्र बी. एस. ४ व १ एप्रिल २०२० पासून बी. एस. ६ हे धुराविषयींचे नियम लागू झाले, तेव्हांपासून या यंत्रांची संख्या अधिकच वाढली. ५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरांनाहि १ जानेवारी २०२३ पासून असेच कडक नियम लागू झाले आहेत. म्हणजे हा विषय केवळ गाडीमालकांपुरता राहिलेला नाहीं.

एखादा आंकडा अशक्य वाटला किंवा दोन आंकडे परस्परांशीं जुळेनासे झाले, म्हणजे संगणक इंधन कमी करतो, टर्बोचा दाब उतरवितो व फेऱ्यांना मर्यादा घालतो. पाय दुखावलेला बैल जसा त्या पायावर भार टाकीत नाहीं, तसाच हा प्रकार आहे. तात्पर्य, लंगडणें हा रोग नव्हे; रोग वाढूं नये म्हणून केलेली ती तजवीज आहे. रोग निराळाच असतो व तो शोधावा लागतो.

हीच ती अवस्था, हें कसें ओळखावें ?

बळ कमी होण्याचीं इतरहि कारणें असतात. त्यांची गल्लत होऊं देऊं नये. फेरे वाढतात, आवाज चढतो, पण गाडी पुढें सरत नाहीं, असें झाल्यास क्लच घसरत आहे असें समजावें. गाडी उभी करून चाकांजवळ हात नेला असतां एकच चाक अतिशय तापलेलें लागलें, तर त्या चाकाचा ब्रेक धरून बसला आहे. हात चाकास लावूं नये, जवळ नेणें पुरे. या दोहोंत बहुधा पिवळा दिवा लागत नाहीं. दिवा लागून फेरेच वाढेनासे झाले, तर मात्र ती लंगडी चाल होय.

जव्हार उंचावर असल्यामुळें गाडी दम खाते, अशीहि एक समजूत आहे. जव्हारची उंची समुद्रसपाटीपासून सुमारें साडेचारशें मीटर. एवढ्या उंचीवर हवा शेंकडा पांचांच्या आसपास विरळ होते आणि टर्बो असलेली गाडी ती उणीव भरून काढते. तेव्हां दोष उंचीच्या माथीं मारूं नये.

वाटेंत गाडी अडली असतां

प्रथम गाडी वळण सोडून, मागच्यास दिसेल अशा सपाट जागीं घ्यावी. फलकावर तांबडा दिवा असेल, पाण्याच्या उष्णतेचा कांटा वर गेला असेल किंवा इंजिनांतून ठोकल्यासारखा आवाज येत असेल, तर इंजिन ताबडतोब बंद करावें व पुढें जाऊं नये. तापलेल्या रेडिएटरचें झांकण कदापि उघडूं नये.

त्यानंतर ब्रेकचें पायडल दाबून पाहावें. बहुतेक डिझेल गाड्यांत एकच पंप हवा शोषून निर्वात उत्पन्न करतो. तोच निर्वात ब्रेकला जोर देतो व पुष्कळ गाड्यांत टर्बोचा दांडाहि तोच हलवितो. यास्तव बळ जाण्याबरोबर पायडल दगडासारखें कठीण झालें असेल, तर निर्वाताची नळी फुटली असण्याचा संभव असतो. असल्या गाडीनें घाट उतरणें म्हणजे जिवाशीं खेळ होय. दुसरें वाहन बोलवावें.

यांपैकीं कांहींच नसेल, तर इंजिन बंद करून पांच-दहा मिनिटांनीं पुन्हां सुरू करावें. पुष्कळदां बळ परत येतें. याचा अर्थ दोष गेला असा नव्हे. तो अधूनमधून प्रकट होणारा आहे, एवढेंच. शक्य तर निम्मा माल उतरवून, हळू, रस्त्याच्या कडेनें जवळच्या ठिकाणीं पोंचावें. तेथें पोंचतांच एका कागदावर लिहून ठेवावें : कोणता चढ, कितवा गिअर, किती माल, पाऊस होता कीं नव्हता, डिझेल केव्हां व कोठें भरलें, धूर कोणत्या रंगाचा. हा कागद मिस्त्रीच्या अर्ध्या दिवसाची मेहनत वांचवितो.

कारणें, स्वस्त तें आधीं

तपासणीचा क्रम फुकट व स्वस्त गोष्टींपासून महागांकडे असावा. इंजिन थंड झाल्यावर बॉनेट उघडावें आणि पुढीलप्रमाणें पाहावें.

*(१) हवेच्या नळ्या.* टर्बो हवा दाबतो, ती इंटरकूलर नांवाच्या जाळींतून थंड होऊन इंजिनांत जाते. या वाटेवर जाड रबरी नळ्या व त्यांचे लोखंडी पट्टे असतात. खांचखळग्यांच्या रस्त्यावर पट्टे ढिले होतात, रबर तडकतें. भार घेतांना फुसफुस आवाज, काळा धूर आणि जोडावर ताजें ओशट तेल, हीं याचीं लक्षणें. तडा पुष्कळदां नळीच्या खालच्या बाजूस असतो. म्हणून हात फिरवून पाहावें.

*(२) उंदीर.* गाडी कणगीजवळ किंवा पेंढ्याच्या उडव्याशेजारीं उभी राहत असेल, तर उंदीर गरम इंजिनावर बसून निर्वाताच्या बारीक नळ्या व तारा कुरतडतात. पेन्सिलीएवढी नळी तुटली तरी टर्बोचा दांडा हलत नाहीं व मोठ्या रोगाचा भास होतो.

*(३) हवेची जाळी.* उन्हाळ्यांतील रस्त्याची धूळ व मळणीचा भुसा यांनीं एअर फिल्टर कोंदतो. तो काढून उजेडासमोर धरावा. पुस्तकांत दिलेलें बदलण्याचें अंतर चांगल्या रस्त्याकरितां असतें. आपल्याकडे तो त्याआधींच पाहिला पाहिजे.

*(४) डिझेल.* आजच्या इंजिनांत डिझेल हवेच्या दाबाच्या दीड ते दोन हजार पट दाबानें फवारलें जातें. इतका दाब टिकावयाचा तर डिझेल स्वच्छ हवें. पंप दूर म्हणून कॅनमध्यें डिझेल साठविण्याची चाल आहे. पावसाळ्यांत त्यांत पाणी शिरतें. फिल्टरच्या तळाशीं पाणी काढण्याची चावी असल्यास एका बाटलींत थोडें डिझेल काढून घ्यावें व तें घटकाभर स्थिर ठेवावें. पाणी तळाशीं बसून स्पष्ट दिसतें. फिल्टर कोंदलेला असल्यास गाडी सपाटीवर नीट चालते व चढावर दम तोडते.

*(५) बॅटरी व तारा.* टर्मिनलवरील पांढरा-हिरवा थर, ढिली अर्थिंगची तार, ओल शिरलेला जोड, यांमुळें सेन्सर चुकीचे आंकडे कळवितात. पावसाळ्यांत हें कारण आधीं पाहावें.

*(६) काजळी.* धुराचा कांहीं भाग इंजिनांत परत नेणारी ‘ईजीआर’ नांवाची झडप काजळीनें अडकते. बी. एस. ६ गाडींत शिवाय धुराच्या नळींत काजळी धरणारी जाळी असते. ती भरत आली कीं संगणक धूर तापवून सुमारें ६०० अंश सेल्सिअसला काजळी जाळतो. त्यासाठीं गाडी कांहीं वेळ सलग वेगांत चालावी लागते. पाड्यावरून बाजारापर्यंत दोन-चार किलोमीटर जाऊन थांबणाऱ्या गाडीची जाळी जळून मोकळी होत नाहीं. जाळीचा दिवा लागल्यास पुस्तकांत सांगितल्याप्रमाणें, बहुधा पंधरा-वीस मिनिटें, चांगल्या रस्त्यावर न थांबतां गाडी चालवावी. त्यानंतर ती वाळलेल्या गवतावर उभी करूं नये, आग लागेल.

संकेतांक वाचण्याची रीत

संगणक प्रत्येक तक्रारीची नोंद ठेवतो. स्टिअरिंगखालीं सोळा खिळ्यांची एक खोबण असते. तींत लहान वाचकयंत्र लावून मोबाइलवर ही नोंद पाहतां येते. हें यंत्र फार महाग नसतें. चार-पांच गाडीमालकांनीं मिळून एक घेतलें तरी पुरे. नोंदीस एक अक्षर व चार अंक असतात. ‘पी’ हें अक्षर इंजिन व गिअरपेटीचें. आपल्या विषयाशीं संबंध असणारे कांहीं संकेतांक असे : पी ०२९९ – टर्बोचा दाब कमी, पी ०२३४ – दाब जास्त, पी ०१०१ – आंत येणाऱ्या हवेचें माप जुळत नाहीं, पी ००८७ – डिझेलचा दाब कमी, पी ०४०१ – ईजीआरमधून धूर पुरेसा जात नाहीं, पी २००२ – काजळीची जाळी नीट काम करीत नाहीं, पी २१३८ – अॅक्सिलरेटरचे दोन सेन्सर परस्परांशीं जुळत नाहींत.

येथेंच बहुतेकांची फसगत होते. संकेतांक हा तक्रार-अर्ज होय, निकाल नव्हे. शेजाऱ्यानें बांध कोरला असा अर्ज आला म्हणून बांध कोरला गेला असें सिद्ध होत नाहीं. जागेवर जाऊन मोजणी व पंचनामा करावा लागतो. तद्वत् पी ०२९९ म्हणजे ‘टर्बो बदला’ नव्हे. फुटकी नळी, ढिला पट्टा, कुरतडलेली निर्वाताची नळी, कोंदलेला फिल्टर, खोटें बोलणारा सेन्सर, आणि सर्वांत शेवटीं टर्बो, यांपैकीं कशानेंहि तोच संकेतांक येतो.

पडताळा कसा पाहावा त्याचें एक उदाहरण देतों. किल्ली फिरवावी, पण इंजिन सुरू करूं नये. वाचकयंत्रावर इंजिनांत जाणाऱ्या हवेच्या दाबाचा आंकडा पाहावा. तो बाहेरच्या हवेइतकाच असला पाहिजे : समुद्रकांठीं सुमारें १०१ किलोपास्कल, जव्हारास सुमारें ९६. भलताच आंकडा दिसला तर दोष सेन्सरचा किंवा त्याच्या तारेचा. आंकडा बरोबर असून भार घेतल्यावर मात्र वाढत नसेल, तर नळ्या, निर्वात व टर्बो यांकडे त्याच क्रमानें वळावें. चालत्या गाडींत आंकडे सोबत्यानें वाचावे, चालकानें नव्हे.

नोंद उतरून घेतल्यावांचून संकेतांक पुसूं नयेत, किंवा बॅटरीची तार काढून दिवा घालवूं नये. संकेतांकाबरोबर त्या क्षणींचा वेग, उष्णता, दाब हेहि आंकडे साठविलेले असतात. पुसल्यावर पुरावाच नष्ट होतो आणि पुढच्या चढावर दिवा पुन्हां लागतो.

युरियासंबंधीं इशारा

कांहीं बी. एस. ६ गाड्यांत धूर शुद्ध करण्यासाठीं ‘डीईएफ’ नांवाचें द्रव निराळ्या टांकींत भरावें लागतें. त्यांत शेंकडा ३२.५ शुद्ध युरिया व बाकी खनिजरहित पाणी असतें. तें संपत आलें कीं गाडी इशारे देते, आणि दुर्लक्ष केल्यास बळ कमी होतें वा पुन्हां सुरू होण्यास ती नकार देते. ‘युरियाच ना ?’ असें म्हणून शेतांतील खत पाण्यांत विरघळवून टाकण्याचा मोह होतो. तसें मुळींच करूं नये. आपल्याकडील खताचा युरिया २०१५ पासून निंबोळी तेलानें माखलेला असतो. तेल व त्यांतील इतर मळ यांनीं फवारणीची यंत्रणा कायमची बिघडते. शिवाय सवलतीचें खत शेतीवांचून इतर कामीं वापरणें हा कायद्यानें गुन्हा आहे.

मिस्त्रीकडे गेल्यावर

आपला कागद व संकेतांक त्याच्या हातीं द्यावे. एखादा भाग बदलावयास सांगितला तर ‘हा भागच वाईट आहे हें कोणत्या तपासणीनें ठरलें ?’ एवढें नम्रपणें विचारावें. जाणता मिस्त्री या प्रश्नानें रागावत नाहीं. तो आपण होऊन दाखवितो. बदललेला जुना भाग मागून घ्यावा. दुरुस्ती झाल्यावर संकेतांक पुसून, नेहमींचा माल भरून, ज्या चढावर गाडी अडली त्याच चढावर ती चालवून पाहावी. सपाटीवरील फेरी ही परीक्षा नव्हे.

बैल विकत घेतांना त्याचे दांत, खूर व चाल पाहण्याची कला आपल्या वाडवडिलांनीं पिढ्यान् पिढ्या जतन केली. गाडीची परीक्षा त्याहून अवघड नाहीं. पावसाळ्यापूर्वीं एकदां व मोगऱ्याचा हंगाम लागण्यापूर्वीं एकदां, वर सांगितलेल्या पहिल्या पांच गोष्टी प्रत्येक गाडीमालकानें स्वतः तपासाव्या. त्यास एका सकाळीहून अधिक वेळ लागत नाहीं, आणि रात्रीं-अपरात्रीं घाटांत माल किंवा रोगी घेऊन अडकण्याचा प्रसंग पुष्कळ अंशीं टळतो.