लाउडस्पीकर आणि आपली खोली

माझे एक स्नेही बँकेंतील नोकरींतून निवृत्त झाले, तेव्हां हातीं आलेल्या रकमेंतून त्यांनीं एकच चैन केली. उत्तम म्हणून नांवाजलेल्या लाउडस्पीकरांची एक जोडी त्यांनीं विकत घेतली. वस्तुतः ती चैनहि नव्हती. त्यांचे वडील चांगले गात असत. घरींच झालेल्या त्यांच्या बैठकींच्या कांहीं फिती या गृहस्थांनीं चाळीस वर्षें जपून ठेविल्या होत्या, आणि वडिलांचा आवाज जसा होता तसा पुन्हां एकदां ऐकावा, एवढीच त्यांची इच्छा होती. दुकानांत त्यांनीं त्या फितींवरून करून घेतलेली प्रत लावून पाहिली. आवाज ऐकून त्यांना गहिंवरून आलें व त्यांनीं पैसे मोजले. घरीं आणून तीच प्रत लावली, तों तंबोऱ्याचा एक जाड, गढूळ घुमारा खोलीभर पसरला, डग्ग्याचे बोल एकमेकांत मिसळून गेले, आणि वडिलांचा आवाज त्या घुमाऱ्यामागें कोठें तरी लपून राहिला. दुकानदारानें भारी किंमतीची वायर घेण्याचा सल्ला दिला. तीहि त्यांनीं घेतली. घुमारा होता तेथेंच राहिला.

या प्रसंगांत कोणी कोणास फसविलें असें मला वाटत नाहीं. स्पीकर खरोखरच चांगले होते. चूक झाली ती एवढीच कीं, लाउडस्पीकर ही एकटीच्या गुणांवर चांगली किंवा वाईट ठरणारी वस्तु आहे, अशी आपली समजूत असते. तंबोऱ्याची तार कितीहि उत्तम असली तरी भोपळ्यावांचून तिला नाद नाहीं. स्पीकरचा भोपळा म्हणजे आपली खोली, आणि त्याला छेडणारें बोट म्हणजे आपल्या घरीं आधींपासून असलेला अ‍ॅम्प्लिफायर. हीं दोन्ही न पाहतां केवळ तार निवडली तर जें व्हावयाचें तेंच येथें झालें.

खोलीचा हा वांटा किती मोठा असतो हें मोजून दाखविण्याचा मान वॉलेस सॅबिन या तरुण अमेरिकन अध्यापकाकडे जातो. १८९५ सालीं हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग कलासंग्रहालयांतील व्याख्यानगृहाची समस्या त्याच्याकडे सोंपविण्यांत आली. त्या गृहांत उच्चारलेला शब्द सुमारें साडेपांच सेकंद रेंगाळत असे. वक्त्याचें दुसरें वाक्य अर्धें होईपर्यंत पहिल्याचा अवशेष हवेंत असावयाचाच. सॅबिननें काय करावें? रात्रीं रस्ते शांत झाल्यावर जवळच्या सँडर्स नाट्यगृहांतील आसनांच्या गाद्या आणवाव्या, ऑर्गनची एक नळी वाजवावी, आणि ती थांबल्यापासून आवाज विरून जाईपर्यंतचा काळ घड्याळावर मोजावा. मग आणखी गाद्या मांडाव्या व पुन्हां मोजावें. या कंटाळवाण्या उद्योगांतून नियम निघाला तो असा कीं, आवाज रेंगाळण्याचा काळ खोलीचें घनफळ जितकें मोठें तितका वाढतो, आणि खोलींतील शोषण जितकें अधिक तितका घटतो. शोषण मोजण्यासाठीं त्यानें माप धरलें तें उघड्या खिडकीचें. कारण खिडकींतून बाहेर गेलेला आवाज परत येत नाहीं.

आतां हाच नियम माझ्या स्नेह्यांच्या दिवाणखान्याला लावून पाहूं. लांबी साडेसोळा फूट, रुंदी दहा फूट, उंची साडेनऊ फूट. भिंतींना गिलावा, वर सिमेंटचें छत, खालीं गुळगुळीत फरशी. अशी खोली अगदीं रिकामी असेल तर मधल्या सप्तकाचा आवाज तींत सुमारें तीन सेकंद रेंगाळेल, असें हिशेब सांगतो. गाणें स्वच्छ ऐकावयाचें तर हा काळ अर्ध्या सेकंदाच्या आसपास असावा, आणि त्यासाठीं जवळजवळ दीडशें चौरस फूट उघड्या खिडकीइतकें शोषण खोलींत आणलें पाहिजे. कापसाच्या गाद्या, जाड पडदे, सतरंज्या, पुस्तकांचीं कपाटें आणि स्वतः माणसें हीं सर्व तें काम करितात. आपल्या जुन्या बैठकींत गादी, लोड, तक्के आणि जाजम असे, तें केवळ थाटासाठीं नव्हे असें आतां वाटूं लागतें. माझ्या स्नेह्यांनीं मात्र दोन वर्षांपूर्वीं घराचें रूप नवें करतांना हें सारें काढून टाकून कांचेचें मेज आणि कातड्याचा एक कोच ठेविला होता.

येथें एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. स्पीकरांचीं जीं परीक्षणें आपण वाचतों तीं बहुधा परदेशांत लिहिलेलीं असतात. अमेरिकेंत पुष्कळशीं घरें लांकडी सांगाड्यावर जिप्समचे पातळ तक्ते ठोकून बांधलेलीं असतात आणि जमिनीवर गालिचा असतो. खालच्या सप्तकाचा नाद त्या तक्त्यांना हलवितो, कांहीं त्यांत जिरतो, कांहीं पलीकडे निघून जातो. आपल्या विटांच्या व सिमेंटच्या भिंती त्याला तसूभरहि वाट देत नाहींत. त्यामुळें तेथें जो स्पीकर भरदार म्हणून वाखाणला गेला, तो आपल्याकडे बोजड ठरण्याचा संभव फार. परीक्षक खोटें लिहीत नाहीं. तो त्याच्या घराविषयीं लिहितो.

पडदे आणि गाद्या वरच्या व मधल्या स्वरांना आवरतात. खर्जाला त्या पुरत नाहींत. खर्जाचें गणित निराळें आहे. हवेंत आवाजाचा वेग सेकंदाला सुमारें ११३० फूट. समोरासमोरच्या दोन भिंतींमधील अंतर ज्या स्वराच्या अर्ध्या लाटेइतकें भरतें, तो स्वर त्या भिंतींमध्यें कोंडला जाऊन फुगतो; आणि त्याच्या दुप्पट, तिप्पट कंपसंख्येचे स्वरहि तसेच फुगतात. साडेसोळा फुटांच्या लांबीला पहिला स्वर सेकंदाला ३४ कंपांचा येतो. तो आपल्या संगीतांत सहसा लागत नाहीं. दुसरा येतो ६८ ते ६९ कंपांचा. काळी एकच्या षड्जाला जुळविलेल्या पुरुषी तंबोऱ्याची खर्जाची तार नेमकी ६९ कंपांवर बोलते. माझ्या स्नेह्यांचे वडील काळी एकमध्यें गात असत! शिवाय असा फुगलेला स्वर सर्वांत जोरानें ऐकूं येतो तो भिंतीला लागून. आणि यांचा कोच पाठीमागच्या भिंतीला टेकलेला. खर्जाच्या तारेचा मूळ स्वर वस्तुतः क्षीणच असतो. तिचें सौंदर्य जव्हारीनें उमटणाऱ्या वरच्या स्वरांत. त्यांच्या जुन्या लहान स्पीकरांना तो मूळ स्वर नीट काढतांच येत नव्हता, म्हणून खोलीचा हा दोष वीस वर्षें झांकून राहिला. नवे स्पीकर तो स्वर प्रामाणिकपणें काढूं लागले, आणि खोलीनें त्याचा डोंगर केला.

तेव्हां लहान खोलींत मोठा स्पीकर आणणें म्हणजे देवघरांत नगारा वाजविण्यासारखें आहे. दीडदोनशें चौरस फुटांच्या आंतील खोलीला, माझ्या मतें, सहा इंचांच्या आंतबाहेरच्या पडद्याचा, शक्य तर पूर्ण बंद पेटीचा स्पीकर पाहावा. ज्या पेटीला हवा जाण्यायेण्याचें भोंक असतें ती खर्ज एका मर्यादेपर्यंत नेटानें उचलून धरते व मग एकदम सोडून देते. बंद पेटी तो हळूहळू उतरवीत नेते, आणि हा उतार लहान खोली आपल्या बळानें पुष्कळसा भरून काढते. भोंक मागच्या बाजूस असेल व स्पीकर भिंतीला चिकटून ठेवावा लागणार असेल, तर ती जोडी पाहण्यांतच वेळ घालवूं नये.

या बाबतींत ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशनचा एक लहानसा स्पीकर सांगण्यासारखा आहे. बाहेरच्या कार्यक्रमांचें ध्वनिक्षेपण करणाऱ्या मोटारगाड्यांत बसण्यापुरतीच जागा असे. तेथें निवेदकाचा आवाज खरा येतो कीं नाहीं हें पारखण्यासाठीं १९७० नंतरच्या दशकाच्या आरंभीं त्यांच्या अभियंत्यांनीं एल. एस. ३/५ ए नांवाचा स्पीकर तयार केला. उंची सुमारें बारा इंच, रुंदी साडेसात इंच. पेटी पूर्ण बंद. खोल खर्ज त्यांत नाहीं, आणि तो असल्याचा आव आणण्यासाठीं त्याच्या वरचा भाग किंचित् उचललेला आहे, हा त्याचा दोष म्हणावा लागेल. पण माणसाचा आवाज माणसासारखा येतो. मोटारींतून हा स्पीकर लोकांच्या घरांत गेला आणि अर्धशतक उलटून गेल्यावरहि त्याला मागणी आहे. अडचणीच्या जागेसाठीं केलेली वस्तु अडचणीच्या जागेंत शोभली, यांत नवल तें काय?

मात्र याच स्पीकरमुळें दुसरा प्रश्न उभा राहतो, आणि तो अ‍ॅम्प्लिफायरचा. एक वॅट शक्ति दिली असतां एक मीटरवर किती डेसिबेल आवाज निघतो, हा आंकडा प्रत्येक स्पीकरच्या माहितीपत्रकांत असतो. त्याला स्पीकरची संवेदनशीलता म्हणतात. या लहानग्याचा आंकडा ८२-८३ च्या आसपास आहे. दुसऱ्या एखाद्याचा ८९ असेल. सहांचा फरक दिसावयास क्षुल्लक. परंतु दर तीन डेसिबेलांना शक्ति दुप्पट लागते, म्हणून सहांना चौपट. पंचवीस वॅटच्या अ‍ॅम्प्लिफायरवर ८९ चा स्पीकर जेवढा वाजेल, तेवढेंच ८३ च्या स्पीकरकडून वाजवून घ्यावयास शंभर वॅट पाहिजेत. लहान खोलींत गायन ऐकणाऱ्यास याची फिकीर नको, तेथें पंचवीसतीस वॅट पुरेसे होतात. पण पाऊणशें माणसांच्या दिवाणखान्यांत वाद्यवृंदाचा कल्लोळ ऐकण्याची हौस असेल तर हा हिशेब आधीं करावा. ताणलेला अ‍ॅम्प्लिफायर आवाजाचीं शिखरें छाटून टाकतो, आणि तो कर्कशपणा स्पीकरच्या माथीं मारला जातो.

दुसरा आंकडा ओहमचा. पत्रकावर ८ ओहम लिहिलेलें असतें तें नांवापुरतें. स्वरास्वरागणिक हा रोध बदलत असतो, व कांहीं स्पीकरांत तो एखाद्या ठिकाणीं तीनपर्यंत खालीं जातो. तेथें विजेचा प्रवाह एकाएकीं अधिक लागतो. भक्कम अ‍ॅम्प्लिफायर तो देतो, नाजूक अ‍ॅम्प्लिफायर तापतो किंवा हात टेकतो. म्हणून नांवाच्या आंकड्याऐवजीं किमान आंकडा कोणता, हें विक्रेत्यास विचारावें. सांगतां न आल्यास घाई करूं नये. ज्यांच्या घरीं निर्वात नळ्यांचा अ‍ॅम्प्लिफायर आहे त्यांनीं ही चौकशी विशेष आवर्जून करावी, कारण स्पीकरचा रोध जेथें वरखालीं होतो तेथें अशा यंत्राच्या आवाजाचा तोलहि बहुधा वरखालीं होतो. वायरीबद्दल मात्र मी फार बोलणार नाहीं. अंतर थोडें असेल तर पुरेशी जाड, साधी तांब्याची वायर चालते. उरलेले पैसे पडद्यांवर खर्चावे.

आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे स्पीकर दुकानांत पसंत करूं नये. चारपांच दिवस घरीं आणून ऐकण्याची सवलत मिळेल तेथूनच घ्यावा, त्यासाठीं अनामत ठेवावी लागली तरी ठेवावी. दोन जोड्यांची तुलना करतांना आवाजाची पातळी सारखी ठेवणें अगत्याचें आहे. जो किंचित् मोठा वाजतो तो कानाला चांगला वाटतो, हें विक्रेते जाणून असतात. आपल्या परिचयाचें एक कंठसंगीत आणि एक तबलावादन लावावें. हल्लीं मोबाइलवर ठराविक कंपसंख्येचा एकच स्वर वाजविण्याची सोय असते. चाळीसपासून शंभरपर्यंतचे स्वर स्पीकरमधून एकामागून एक हळूहळू वाजवीत खोलींत फेरी मारावी. कोठें घुमतो, कोठें नाहींसा होतो, तें पावलागणिक कळतें. संगणकी दुरुस्ती करणारीं उपकरणेंहि आतां मिळतात. फुगवटा तीं कापूं शकतात, परंतु जेथें खोलीनें स्वर गिळून टाकला आहे तेथें तो भरून काढणें त्यांच्या आवाक्याबाहेरचें असतें.

माझ्या स्नेह्यांकडे आम्हीं प्रथम जें केलें त्याला एक पैहि लागली नाहीं. कोच मागच्या भिंतीपासून तीन फूट पुढें ओढला; स्पीकर समोरच्या भिंतीपासून तितकेच पुढें घेतले. ६९ चा तो फुगवटा भिंतीपाशीं सर्वाधिक असतो आणि लांबीच्या चतुर्थांशावर, म्हणजे येथें चार फुटांवर, जवळजवळ शून्य होतो; तीन फुटांवर तो निम्म्याहून कमी उरतो. माळ्यावरच्या दोन गाद्या खालीं आल्या आणि पुस्तकांचें कपाट मागच्या भिंतीशीं गेलें. अर्धें काम तेवढ्यानेंच झालें. उरलेल्या अर्ध्यासाठीं सहा महिन्यांनीं त्यांनीं ती उंच जोडी तोटा सोसून दिली व बंद पेटीची लहान जोडी घेतली. कोच आतां दिवाणखान्याच्या भर वाटेंत येतो आणि घरांतील मंडळी त्याला वळसा घालून जातात. परवां गेलों तेव्हां त्यांनीं मला ती प्रत ऐकविली. दुसऱ्या आवर्तनांत, समेच्या किंचित् आधीं, मागच्या रांगेंत कोणी तरी खोंकतें. तो आपल्या आजोबांचा खोकला, असें त्यांनीं सांगितलें, आणि तेवढाच तुकडा मागें घेऊन पुन्हां लावला.