प्रतिष्ठेसाठीं हत्या : दोष धर्माचा कीं रूढीचा ?

मुलीनें स्वतःच्या मनानें लग्न केलें, किंवा तिच्या शीलाविषयीं नुसती कुजबुज उठली, कीं बापानें वा भावानेंच तिचा जीव घ्यावा, असे प्रकार अद्यापि घडतात. वार्ता वाचणारा आधीं मारेकऱ्याचा धर्म पाहतो. पण तेवढ्यानें उलगडा होत नाहीं.

ख्रिस्तपूर्व १८ सालीं रोमन सम्राट ऑगस्टस ह्याच्या कायद्यानें, व्यभिचार करतांना सांपडलेल्या मुलीस ठार मारण्याची मुभा बापाला दिली. तेव्हां ख्रिस्ती व इस्लाम हे धर्म जन्मासही आले नव्हते. पुढें इटलीच्या १९३० च्या दंडसंहितेंत अब्रूपायीं पत्नी, मुलगी वा बहीण मारणाऱ्यास ३ ते ७ वर्षांचीच शिक्षा होती. तें कलम १९८१ सालीं रद्द झालें. लोकांचा धर्म तोच राहिला.

धर्मग्रंथ काय सांगतात ? कुराण व्यभिचाराच्या आरोपास ४ साक्षीदार मागतें आणि ते न आणणाऱ्या आरोपकर्त्यास ८० फटके सांगतें. आपल्याकडे हरियाणांत २००७ सालीं एका सगोत्र दांपत्याचा मुलीच्या आप्तांनीं खून केला. शास्त्रानें सगोत्र विवाह निषिद्ध मानला खरा. परंतु तो अजाणतां घडल्यास त्या स्त्रीचा मातेप्रमाणें सांभाळ करावा, असें बौधायन म्हणतो. शिवाय १९४६ च्या कायद्यानें तो निषेधही उठविला होता.

मग मूळ कशांत आहे ? स्त्री ही कुळाची ठेव, ह्या समजुतींत. जमीन, सोयरीक आणि जातींतील मान तिच्या विवाहाशीं बांधलेला असतो. क्षमा करणाऱ्या घराला गांव वाळींत टाकतें, धाकट्या बहिणीचें लग्न अडतें. मारणाऱ्याची मात्र पाठ थोपटली जाते.

तथापि धर्म सर्वस्वीं निर्दोष ठरत नाहीं. जातींच्या उतरंडीला शास्त्रांनींच पावित्र्य दिलें. पाकिस्तानांत धर्माधारित कायद्यान्वयें मृताचे वारस खुन्यास माफी देऊं शकत. खुनी आणि वारस एकाच घरचे असल्यानें तो सुटे. २०१६ च्या दुरुस्तीनें अशा हत्येस माफीनंतरही जन्मठेप ठेवली.

सारांश, हत्या रूढी करविते आणि धर्म पुष्कळदां तिला पांघरूण घालतो. भारताच्या सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं सांगितलें, कीं दोन सज्ञान व्यक्तींच्या विवाहास कुटुंबाची वा जमातीची संमति आवश्यक नाहीं. कायदा इतकेंच करूं शकतो. पाठ थोपटणारा हात मात्र समाजानेंच आवरला पाहिजे.