अश्वशक्तीचा हिशेब

रांजणगाव सांडसपाशी मुळा-मुठा भीमेला मिळते आणि पुण्याने वापरून सोडलेलं पाणी पोटात घेऊन नदी वडगाव रासाईकडे येते. अलीकडे शिरूर तालुका, पलीकडे दौंड. दोन्ही थड्यांना ऊस. काठावर उतरलं की मोटारींच्या पेट्या दिसतात: गंजका पत्रा, आत स्टार्टर, स्टार्टरला जोडलेला 'ऑटो'. डीपीचं, म्हणजे रोहित्राच्या पेटीचं, दार बहुतेक ठिकाणी नसतंच. किटकॅट उघडे, कुठे फ्यूजच्या जागी नुसता तारेचा पीळ. लाइट आली की सगळे ऑटो एकदम मोटारी उचलतात आणि त्या दणक्याने डीपीच जळते. म्हणून वायरमन बजावतो, ऑटो काढा. पण थ्री फेज रात्रीचा असेल आणि उसात बिबट्या असेल, तर दोन वाजता बटण दाबायला जाणार कोण?

या मोटारी वर्षाला नेमकी किती वीज खातात, हा प्रश्न ऐकायला साधा आहे. पण महाराष्ट्रात या आकड्यावरून पंचवीस वर्षं भांडण चालू आहे.

शेतीपंपांना सरसकट मीटर नव्हते. बिल अश्वशक्तीवर यायचं, मोटार चालो वा न चालो. बिलाचं ठीक, पण एकूण वापर कसा काढायचा? पंपांची अश्वशक्ती घ्यायची, वर्षाला मोटार इतके तास चालली असं धरायचं आणि गुणाकार करायचा. पाच अश्वशक्ती म्हणजे ३.७३ किलोवॅट. मोटार वर्षाला १,००० तास चालली असं धरलं तर ३,७३० युनिट होतात. १,५०० तास धरले तर ५,५९५. फरक १,८६५ युनिटांचा. असे एक लाख पंप धरा, १८ कोटी ६५ लाख युनिट कागदावर शेतकऱ्याने वापरले. प्रत्यक्षात ती वीज जुनाट तारांमध्ये जिरलेली असू शकते, शहरातल्या एखाद्या कारखान्याने चोरलेली असू शकते. तास वाढवले की शेतीचा वापर फुगतो आणि राज्य वीज मंडळाची गळती आपोआप कमी दिसते. ही सोय कोणाला नको असेल?

हा गुणाकार मंडळाच्याच कागदांवरून उलटा तपासणारी माणसं पुण्यात होती. 'प्रयास' ही संस्था १९९४ साली नोंदली गेली. तिचा एक गट आरोग्याचं काम करणाऱ्या डॉक्टरांचा, दुसरा ऊर्जेचा. ऊर्जागटातले गिरीश संत मुंबईच्या आयआयटीत शिकलेले. सरदार सरोवराला स्वस्त पर्याय काय, याचं गणित त्यांनी आधी मांडलं होतं. शंतनू दीक्षित आणि सुबोध वागळे यांच्याबरोबर १९९५ मध्ये त्यांनी एन्रॉनच्या दाभोळ वीजप्रकल्पाची चिरफाड केली. तेव्हा राज्यभर वाद पेटला होता तो परदेशी कंपनी, लाच आणि स्वदेशी यांवर. या तिघांनी वीजखरेदी कराराची कलमं वाचली. १९९३ च्या डिसेंबरात झालेल्या त्या करारात दराची नाळ डॉलरशी बांधलेली होती आणि वीज घेतली नाही तरी पैसे मोजायचेच होते. हा भार मंडळाला पेलणार नाही, असं ते सांगत राहिले. २००१ च्या मे महिन्यात मंडळाने ती वीज घेणं थांबवलं.

मला मात्र एन्रॉनपेक्षा त्यानंतरचं काम मोठं वाटतं. त्यात खलनायक नव्हता, म्हणून ते फारसं कोणाला ठाऊक नाही.

१९९८ च्या केंद्रीय कायद्याने राज्यांत वीज नियामक आयोग आले. आपल्याकडे १९९९ मध्ये. आता दर वाढवायचा तर मंडळाला हिशेब उघडा करून जाहीर सुनावणीला उभं राहणं भाग होतं. आयोगाने ग्राहकांच्या वतीने बोलायला ज्या संस्था नेमल्या, त्यांत मुंबई ग्राहक पंचायत होती, ठाणे-बेलापूर आणि विदर्भातल्या उद्योजकांच्या संघटना होत्या आणि प्रयास होती. पहिल्या दर-सुनावणीत माहिती मागत, आकडे ताडत गेल्यावर वर्षानुवर्षं अठरा टक्क्यांच्या आत-बाहेर सांगितली जाणारी गळती तिशीच्या पार निघाली. मे २००० च्या आदेशापासून शेतीचा वापर 'मानायचा' नाही, सिद्ध करायचा, ही रीत पडली. मोर्चा नाही, घोषणा नाहीत. सुनावणीला टाळ्याही नसतात.

या कामाला एक बोचरी बाजूही आहे. आकडा शेतकऱ्याच्या बाजूचा निघाला, पण त्यावर प्रयासने सुचवलेला उपाय होता मोजमापाचा, आणि मीटर म्हटलं की शेतकरी सावध होतो. आज मीटर, उद्या युनिटने बिल, हे त्याला कळतं. शिवाय दरवाढीची शेकडो पानांची इंग्रजी याचिका वाचायला भीमाकाठी कोणाला सवड आहे? धोरणाची वकिली करणारे शेतकऱ्याच्या प्रश्नावर बोलतात. शेतकरी त्या खोलीत क्वचितच असतो. ती उणीव थोडी भरून काढली ती इचलकरंजीच्या प्रताप होगाडे यांनी. महाराष्ट्र वीज ग्राहक संघटनेच्या वतीने ते वर्षानुवर्षं एकच गोष्ट ठासून मांडत आले: शेतीपंपांचा खरा वापर दाखवतात त्याच्या निम्म्याच्या आसपास आहे, आणि अनेकांच्या बिलावर तीनची मोटार पाचची, पाचची साडेसातची झालेली आहे.

मधल्या काळात मंडळाच्या कंपन्या झाल्या (६ जून २००५). गावठाण आणि शेतीचे फीडर, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या वाहिन्या, वेगळे होऊ लागले, म्हणजे निदान फीडरवर मोजायची सोय झाली. २००४ मध्ये निवडणुकीच्या तोंडावर वीज मोफत झाली आणि वर्षभरातच ती घोषणा मागे गेली. २०१२ च्या फेब्रुवारीत गिरीश संत पन्नाशीही न गाठता गेले. त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे लावून धरलेली कल्पना अशी की, एकेका पंपाला पॅनेल देत बसण्यापेक्षा उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारून अख्खा शेती फीडर दिवसा चालवावा. २०१७ च्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा गाभा हाच आहे. तिचा एक पहिला प्रकल्प शेजारच्या पारनेर तालुक्यात, राळेगणसिद्धीला. २०२३ मध्ये योजनेचा दुसरा टप्पा आला. दिवसा वीज आली की ऑटो लागत नाही, बिबट्याची भीती निम्मी होते आणि एकदम दाब पडून डीपीही जळत नाही.

एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना वीज मोफत आहे. लाभार्थी ४४ लाखांच्या वर, मुदत मार्च २०२९ पर्यंत. शून्याचं बिल बघून बरेच जण ते चुरगळून टाकतात. पण शेतकऱ्याच्या वाट्याचे पैसे आता सरकारी तिजोरीतून महावितरण या वितरण कंपनीला जातात, ते याच अश्वशक्तीच्या आकड्यावर.

तेव्हा वाचक शेतकरी असेल तर दिवाळीच्या सुट्टीत एवढं करावं. नदीवरच्या मोटारीची पाटी चिंधीने पुसून तिच्यावरची अश्वशक्ती वाचावी, बिलावरच्या भाराशी ताडून पाहावी आणि फरक निघाला तर शाखा कार्यालयात लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. आणि दरवाढीची जाहीर नोटीस पेपरात आली की पुण्याच्या सुनावणीला ती पोच खिशात घालून जावं. हरकत मराठीत घेता येते.