पाय बधिर? शेकोटी दूर!

बालमित्रांनो, आमच्या पाथरीकडची थंडी नुसती झोंबत नाही, चावते! २०१८ च्या डिसेंबरअखेरीस परभणीच्या कृषी विद्यापीठात पारा २ अंशांपर्यंत उतरला होता. अशा रात्रीही गहू भिजवायला माणसं शेतात असतात, कारण पंपाची वीज कित्येकदा रात्रीच येते.

माझ्या वर्गातला एक मुलगा असाच वडिलांसोबत पाण्यात उभा राहिला. पाय बधिर झाले, म्हणून त्यानं ते थेट शेकोटीला लावले. चटका कळलाच नाही. सकाळी पाहतो तर तळव्यांना फोड!

असं का झालं? थंडीत हृदय, फुफ्फुसं उबदार राहावीत म्हणून शरीर हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसून घेतं. पायांत रक्त कमी पोचतं, ते गारठतात. त्यात पाय ओले असले, की पाणी हवेपेक्षा कितीतरी वेगानं ऊब पळवतं.

म्हणून पाय आधी कोरडे पुसा. कोरडे मोजे घाला, पण बूट घट्ट नकोत. आत बोटं हलली पाहिजेत. बांधावर बसताना पायांखाली गोणपाट किंवा कडबा टाका. कानटोपी विसरू नका. अंग उबदार, तर पायही उबदार! बधिर पाय घोंगडीत गुंडाळा, विस्तवाजवळ नेऊ नका.

आणि पालकहो, रात्री पाण्यावर जाताना गमबूट घालाच. पाय तुमचेही आहेत ना?