मुलांच्या टी-शर्टावरचा वसंत

लहान मुलांच्या टी-शर्टावर वसंत छापायचा म्हटला की बहुधा चेरीच येते. बारीक करडी फांदी, पाच पाकळ्यांची फिकट गुलाबी फुले, खाली गळणाऱ्या दोन-चार पाकळ्या. जपानात मार्च-एप्रिलमध्ये हे चित्र अगदी खरे असते. मूर्तिजापूरकडे तेव्हा पारा चाळिशीला भिडू लागलेला असतो आणि धुऱ्यावरचा पळस फुलून ओसरत आलेला असतो. वऱ्हाडातल्या मुलांच्या अंगावरचा वसंत पळसाचा असावा, असे माझे ठाम मत आहे, आणि त्यासाठी अभिमानाची साक्ष काढण्याची गरज नाही. कापूस आणि छपाई यांचा हिशेब पुरेसा आहे.

आधी कापूस. एक क्विंटल कापूस जिनिंगमध्ये घातला की साधारण 34-35 किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. पाच-सहा वर्षांच्या मुलाचा सुती टी-शर्ट शंभर ग्रॅमच्या आसपास भरतो. सूतकताईतली आणि बेतण्यातली घट धरली तरी त्याला अर्धा किलोच्या आतबाहेर कापूस पुरतो, म्हणजे मोजक्या झाडांची वेचणी. हा कापूस बाहेर नेण्यासाठीच मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूर अशा दोन दिशांना अरुंद रूळ पडले. त्या रुळांवरच्या ‘शकुंतला’ गाडीचे वाफेचे इंजिन 1921 साली मँचेस्टरला तयार झाले होते आणि ते 1994 पर्यंत धावले. रुईच्या गाठी जायच्या, कापड दुसरीकडे व्हायचे. आज बनियनच्या जातीचे हे विणलेले कापड मुख्यतः तिरुपूरला तयार होते, आणि ते इथे विणले जावे असा हट्ट धरण्यात अर्थ नाही, कारण गोल विणकामाची यंत्रे, रंगाई आणि पाणी यांचा तो मोठा पसारा आहे. छपाईचे मात्र तसे नाही. कोरे टी-शर्ट, एक टेबल, लाकडी चौकटीत ताणलेली जाळी, रंग आणि तो ओढायची रबरी पट्टी एवढ्यावर ती होते. शिबिरांचे नि स्नेहसंमेलनांचे टी-शर्ट गावोगावी असेच छापले जातात.

इथे पळसाची बाजू भक्कम होते. प्रत्येक रंगाला वेगळी जाळी लागते. चेरीची नाजूक छटा उतरवायला तीन-चार जाळ्या हव्यात, आणि त्या एकमेकींवर चपखल बसल्या नाहीत तर पाकळीची कड फाटल्यासारखी दिसते. पळस दोन जाळ्यांत होतो: केशरी पाकळ्यांची एक, काळपट मखमली देठकोषांची नि फांदीची दुसरी. शिवाय रंगाचा सलग मोठा पट्टा छापला की कापडाची छिद्रे बुजतात, आणि अकोल्याच्या उन्हात मुलाच्या छातीवर तो चिकटतो. त्यामुळे फुले सुटी, विखुरलेली छापणेच बरे.

मुलांना गुलाबीच आवडतो, असे कोणी म्हणेल. मुलांपुढे केशरी ठेवून पाहिले आहे का, हा पहिला प्रश्न. होळीला पळसाच्या फुलांचा रंग करणारी घरे अजून आहेत, तेव्हा तो रंग परका नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: नक्षी नेहमीच देशोदेशी फिरत आली, मग चेरीलाच मज्जाव का? खरे आहे. आपली छापील छींट युरोपात गेली आणि तिथल्या कारागिरांनी तिच्यात आपली फुले भरली. पण त्यांनी निदान भर घातली. आपण चेरी जशीच्या तशी उचलतो आणि ज्या मुलाला वसंत ओळखायला शिकायचे आहे त्याच्या हाती न पाहिलेले झाड देतो. चेरी विकली जावी, पळस तिच्या शेजारी टांगलेला असावा, एवढेच मागणे आहे. कपाशीचे फूल का नाही, असेही विचारता येईल. ते सुंदरच असते, पहिल्या दिवशी दुधाळ, दुसऱ्या दिवशी गुलाबी. पण ते पावसाळ्याच्या उत्तरार्धात उमलते, त्याला वसंत म्हणता येणार नाही.

चित्र काढणाऱ्याने मात्र दोन गोष्टी सांभाळाव्यात. खालची पाकळी पोपटाच्या चोचीसारखी वळलेली हवी, आणि फांदीवर हिरवी पाने भरू नयेत, कारण पळस ऐन फुलावर येतो तेव्हा जवळजवळ निष्पर्ण असतो.