अटलांटिककाठचे सागरगोटे

सागरगोटा हातात घेतला की आधी जाणवतो तो त्याचा गुळगुळीतपणा. करडी, दगडासारखी टणक बी. झुडूप काटेरी, शेंगही काटेरी. आपल्याकडे गजगाही म्हणतात. मुली ती उडवतात, खालच्या बिया गोळा करता करता वरची झेलतात. घाना आणि नायजेरियातली मुलं हीच बी पेरतात, पण ती उगवावी म्हणून नव्हे.

घानातल्या अकान लोकांत या खेळाला ओवारे म्हणतात, नायजेरियातल्या योरुबा लोकांत आयो. योरुबात बियांना ‘ओमो आयो’ म्हणतात, म्हणजे आयोची लेकरं. मोठ्यांकडे कोरीव लाकडी पाट असतो. मुलं मात्र जमिनीतच सहा-सहा खळग्यांच्या दोन रांगा उकरतात आणि सुरू करतात.

दोन खेळाडू, प्रत्येकाची सहा घरं, प्रत्येक घरात ४ बिया, एकूण ४८. आपल्या एका घरातल्या सगळ्या बिया उचलायच्या आणि घड्याळाच्या उलट दिशेने पुढच्या घरांत एकेक टाकत जायचं. शेवटची बी प्रतिस्पर्ध्याच्या घरात पडून तिथे २ किंवा ३ झाल्या, तर त्या आपल्या. लगतच्या मागच्या घरातही तेवढ्याच असतील तर त्याही उचलायच्या, आणि असं साखळी तुटेपर्यंत. २५ बिया ज्याच्याकडे जमल्या तो जिंकला. एका घरात १२ किंवा जास्त बिया साचल्या असतील तर पेरताना ते मूळ घर वगळायचं. म्हणजे पोरगं बी उचलण्याआधी मनातल्या मनात बेरीज-वजाबाकी करून मोकळं झालेलं असतं.

मला सगळ्यांत आवडलेला नियम वेगळाच आहे. समोरच्याची सगळी घरं रिकामी झाली, तर शक्य असेल तोवर त्याच्या घरात बिया पडतील अशीच चाल करावी लागते. त्याला उपाशी ठेवून जिंकता येत नाही. बाकी दयामाया नाही. आयोत तरबेज खेळाडूला ‘ओता’ म्हणतात, नवख्याला ‘ओपे’, आणि ओताने ओपेची यथेच्छ टर उडवणं हा खेळाचाच भाग.

‘साधा खेळ’ म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगतो. ॲमस्टरडॅममधल्या एका विद्यापीठातले संशोधक जॉन रोमाइन आणि हेन्री बाल यांनी २००२मध्ये संगणकाकडून याच खेळाच्या अवारी या रूपाच्या सगळ्या मांडण्या तपासून घेतल्या. त्या भरल्या ८८,९०६ कोटींच्या वर. निष्कर्ष असा की दोघेही अचूक खेळले तर बरोबरी.

बैठा खेळ नको असेल तर घानात आम्पे आहे, तो मुख्यतः मुलींचा. दोघी समोरासमोर उभ्या राहतात, टाळ्या वाजवतात, एकदम उडी मारतात आणि खाली येताना एकेक पाय पुढे टाकतात. दोघींचे पाय जुळले तर गुण एकीचा, वेगळे पडले तर दुसरीचा. कोणाचं काय ते आधीच ठरलेलं. समोरचीचा कोणता पाय येणार हे ओळखायला हवेतला क्षणभर वेळ तेवढा मिळतो. टाळीचा ताल चुकला की सगळं फिसकटतं. साहित्य म्हणावं तर स्वतःचे दोन पाय.

घानातलाच अन्तोआच्यिरे हा खेळ समजावून सांगायची गरज नाही. मुलं गोल करून बसतात, एकजण बाहेरून धावत कुणाच्या तरी पाठीमागे गुपचूप फडकं टाकतो, आणि मागे वळून बघायचं नसतं. मामाचं पत्र हरवलेल्या कुणालाही तिथे लगेच सामील होता येईल. उत्तर नायजेरियातल्या हौसा मुलांचा एक पाय मागे धरून दुसऱ्यावर लंगडत खेळायचा सांघिक खेळ तर चक्क ‘लांगा’ आहे. नावाचं साम्य बघून इतिहास रचायचा मोह होतो, पण तो आवरावा. पाय दुमडून उड्या मारणं कुठल्याही अंगणात सुचू शकतं.

सागरगोट्याचं तसं नाही. ही बी पाण्यावर तरंगते, लांबचा प्रवास करूनही रुजते; म्हणून उष्ण प्रदेशांच्या कितीतरी किनाऱ्यांवर ती सापडते. गुलाम म्हणून जहाजांत कोंबून कॅरिबियन बेटांवर नेलेल्या माणसांजवळ पाट नव्हते, डोक्यात खेळ होता. अँटिग्वा आणि बार्बाडोसमध्ये तो आजही ‘वारी’ नावाने खेळतात. आणि बिया? त्या तिथल्या किनाऱ्यावरच्या काटेरी झुडपांत होत्याच.